साहेब गेला, रकाना राहिला

(इच्छापूर येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



वसाहतकाळातली मूल्ये आजच्या समाजाला कशी घडवत राहतात, या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले. विषय मोठा आहे आणि मोठ्या विषयावर बोलताना माणूस लवकर हवेत जातो. म्हणून मी या गावाच्या नावापासूनच सुरुवात करतो.

हिंदी पाटीवर या गावाचे नाव 'इच्छापुर' असे असते, त्यातला पु ऱ्हस्व. येथून मुक्ताईनगरच्या दिशेने निघालात आणि राज्याची सीमा ओलांडलीत, की मराठी लिहिणारा तेच नाव 'इच्छापूर' असे लिहितो, त्यातला पू दीर्घ. हिंदीतले बुरहानपुर मराठी इतिहासग्रंथांत बुऱ्हाणपूर होते. टेकडीवरची इच्छादेवी तीच आहे. नवरात्रात दोन्ही राज्यांतून माणसे तिच्या पायऱ्या चढतात, आणि चढताना कोणी पु ऱ्हस्व की दीर्घ असे विचारत नाही. दोन्ही लेखने आपापल्या भाषेच्या नियमाने बरोबर आहेत. पण एखाद्या मुलाने मराठीच्या वहीत 'इच्छापुर' लिहिले तर त्यावर लाल रेघ येते, आणि त्या मुलाला वाटते की आपल्या गावाचे नावच आपल्याला नीट येत नाही. एका गोष्टीचे एकच नाव खरे, बाकीची चुकीची. आणि खरे कोणते ते वरचा माणूस ठरवणार: हा जो समज आहे, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

वसाहतीचा वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वे येते, कोर्ट येते, इंग्रजी शाळा येते. या वस्तू आहेत, संस्था आहेत. मूल्य त्यांच्या खाली असते आणि ते सहसा दिसत नाही. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत खोल रुजलेले वसाहती मूल्य म्हणजे रकान्यावरची श्रद्धा. प्रत्येक माणूस एका रकान्यात बसला पाहिजे, दोन रकान्यांत बसणारा माणूस संशयास्पद, आणि माणसाच्या तोंडच्या बोलण्यापेक्षा रकान्यातली नोंद अधिक खरी. साहेब १९४७ साली गेला. रकाना इथेच आहे.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. नोंदी इंग्रजांनी आणल्या असे मी म्हणत नाही. कुलकर्ण्याचे दप्तर आधीपासून होते. मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे तर बुऱ्हाणपूरच होते. इथे जमाबंदी आणि जकात यांचे कागद काही कमी नसतील. पण ती दप्तरे मुख्यतः जमीन, पीक आणि सारा यांचा हिशेब ठेवत. विणकराकडून कर घ्यायला त्याची मातृभाषा कोणती हे सुभेदाराला कळण्याची गरज नव्हती. तसेच, जात इंग्रजांनी निर्माण केली असेही मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर आपल्या पूर्वजांची फारच स्वस्तात सुटका होते. उच्चनीच आपले होतेच. इंग्रजी अमलाने त्याला छापील तक्ता दिला, देशभर एकच केला आणि दर दहा वर्षांनी तो भरून घेण्याची व्यवस्था लावली. १८७२ मध्ये पहिला प्रयत्न झाला, १८८१ मध्ये सर्वत्र एकाच वेळी शिरगणती झाली. जे पूर्वी गावागणिक थोडे सैल, थोडे वेगळे होते, ते आता कागदावर घट्ट झाले.

हे फक्त आपल्याकडेच घडले का? नाही, आणि म्हणून थोडा वेळ आपण अमेरिकेकडे पाहू. अमेरिका ही सुद्धा इंग्रजांची वसाहत होती. ती आपल्या आधी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे स्वतंत्र झाली. मग तिथली वसाहती मूल्ये केव्हाच संपायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. वसाहतीत तो उलटा केला, कारण गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला झालेले मूल मालकाची मालमत्ताच राहावे. त्याच व्हर्जिनियाने १६९१ मध्ये गोऱ्यांच्या मिश्रविवाहाविरुद्ध कायदा केला. पुढे स्वातंत्र्ययुद्ध झाले, सर्व माणसे समान असल्याची घोषणा झाली, यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरीही गेली. तरी मिश्रविवाहावरची बंदी व्हर्जिनियात उरलीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली १९६७ मध्ये. १६९१ ते १९६७, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षे. त्यांपैकी सुमारे एकशे नव्वद वर्षे तो देश स्वतंत्र होता.

त्यांचा रकाना पाहा. १७९० च्या पहिल्या अमेरिकी जनगणनेत गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसे आणि गुलाम असे रकाने होते. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची तीन माणसे धरायची, असे राज्यघटनेतच लिहिले होते. ज्याचे आईबाप दोन वंशांचे आहेत त्याला एकापेक्षा अधिक वंश नोंदवण्याची मुभा तिथल्या जनगणनेने पहिल्यांदा दिली ती २००० साली. मी दोन ठिकाणी आहे, एवढे कागदावर सांगता यायला त्या देशाला दोनशे दहा वर्षे लागली.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटून स्वार्थत्याग केला. तिथली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या या माणसाने दोन देशांतले साम्य ताबडतोब ओळखले. पंडिता रमाबाई तर स्वतः तिकडे जाऊन आल्या. १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघाले. अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांचे, शिक्षणाचे त्यांनी मनापासून कौतुक केले, पण काळ्या माणसांविषयीचा द्वेष आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही. स्वतंत्र देशसुद्धा जुन्या मालकाची वही वापरत राहतो, हे मराठी गद्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहून ठेवले आहे. आता तीच नजर आपण आपल्या अंगणात वळवू.

आपल्या या भागाचा इतिहास थोडक्यात असा. फारुकींनी बुऱ्हाणपूर वसवले, १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, पुढे मराठे आले, शिंद्यांचा अंमल आला. १८१९ मध्ये असीरगड इंग्रजांनी घेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुऱ्हाणपूर मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात आले. शेजारचा खानदेश मुंबई इलाख्यात राहिला. म्हणजे एकाच तापीकाठच्या, एकाच काळ्या मातीतल्या, एकमेकांत सोयरीक करणाऱ्या गावांपैकी काहींचे कागद मुंबईकडे आणि काहींचे नागपूरकडे जाऊ लागले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला. भाषावार म्हटलेल्या त्या रचनेतही विचाराचे मुख्य एकक होते जिल्हा, आणि जिल्हे आखलेले होते साहेबाने. आज इथून थोड्या अंतरावर असलेली राज्यसीमा ही त्या दोन इलाख्यांमधल्या सीमेची वारस आहे. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, पण सीमा तिथेच राहिली.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे माणूस बोलतो काय? बुऱ्हाणपूरच्या बाजारात अर्धा तास उभे राहा. एकाच क्रियापदाची किती रूपे कानावर पडतात ते मोजा. कोणी 'आहे' म्हणेल, कोणी 'हाये', अहिराणी बोलणारा 'शे' म्हणेल, निमाडी बोलणारा 'छे', आणि हिंदी-उर्दू बोलणारा 'है'. दुकानदाराला ही सगळी कळतात. पुष्कळदा तो गिऱ्हाईक पाहून स्वतःचे रूप बदलतो. त्याला कोणी बहुभाषिक विद्वान म्हणत नाही, कारण आपण काही विशेष करतो आहोत हे त्यालाही माहीत नाही.

या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणापुढे आला. १९०३ ते १९२८ या काळात ते प्रसिद्ध झाले. एवढे अफाट काम जगात क्वचितच झाले असेल आणि मी त्याचा अनादर करणार नाही. बायबलमधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट गावोगावच्या बोलींत लिहून घेतली गेली म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीचे नमुने आपल्याला वाचता येतात. पण आपल्या या एका तालुक्यातला बाजार त्या सर्वेक्षणात कुठे सापडतो ते शोधा. मराठी आणि तिची म्हणून वऱ्हाडी सातव्या खंडात. हिंदी-उर्दू नवव्या खंडाच्या पहिल्या भागात. निमाडी त्याच खंडाच्या दुसऱ्या भागात, राजस्थानीच्या सोबत. खानदेशी, भिल्ली आणि बंजारा तिसऱ्या भागात. आणि सातपुड्यातली कोरकू चौथ्या खंडात, मुंडा भाषांच्या घरात. एका बाजारातली माणसे पाच पुस्तकांत वाटली गेली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात काही गैर नाही, कुळे वेगळी आहेत ती वेगळी दाखवली. गैर झाले ते पुढे, जेव्हा अभ्यासाची ही विभागणी आपण माणसांची विभागणी समजू लागलो.

गंमत म्हणजे ग्रीअर्सनना स्वतःला हे ठाऊक होते. भाषा आणि बोली यांतला फरक त्यांनी डोंगर आणि टेकडी यांतल्या फरकासारखा मानला. टोकाची उदाहरणे सहज ओळखता येतात, पण मधली रेघ नेमकी कुठे मारायची हे कोणी सांगू शकत नाही. इच्छादेवीच्या टेकडीकडे पाहणाऱ्या आपल्याला हे पटायला वेळ लागू नये. खेड्यातला माणूस आपल्या बोलण्याला सहसा नाव देत नाही, नाव असते ते लांबच्या लोकांच्या बोलण्याला, असेही त्यांचे निरीक्षण होते. तरीही सर्वेक्षणाला नाव हवेच होते. रकाना रिकामा कसा ठेवणार?

आता स्वतंत्र भारताची जनगणना पाहा. २०११ मध्ये लोकांनी आपल्या मातृभाषेची जी नावे सांगितली ती १९,५६९ होती. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या, आणि त्या गटांत घालून दहा हजारांहून अधिक भाषकांच्या १२१ भाषा झाल्या. मोजायचे म्हणजे गट करावे लागतात, हे मला मान्य आहे. पण गट कसे झाले ते बघा. निमाडी बोलणारे वीस लाखांहून अधिक लोक हिंदीखाली गेले. वऱ्हाडी मराठीखाली. बंजारा आणि लमाणी, ज्यांना ग्रीअर्सनने खानदेशीच्या शेजारी बसवले होते, तेही हिंदीखाली. अहिराणी गेली खानदेशीखाली आणि खानदेशी मात्र स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली. २००१ मध्ये खानदेशीचे भाषक २० लाखांहून अधिक होते, २०११ मध्ये ते १८ लाख ६० हजारांच्या आसपास आले. लोकसंख्या वाढली आणि भाषक घटले. काही घरांत बोली खरोखरच मागे पडत असेल. पण दहा वर्षांत एवढे लोक काही मुके झाले नाहीत. त्यांतल्या पुष्कळांनी प्रगणकाला दिलेले उत्तर बदलले असणार.

उत्तर का बदलते? याचे कारण आपल्याला, म्हणजे शिक्षकांना आणि लेखकांना, इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवे. ते शाळेत घडते.

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत 'केळी'ला 'केयी' म्हणतात. केळीच्याच मुलखात! हा उच्चार बेशिस्तीचा आहे का? काळा – काया, डोळा – डोया, केळी – केयी. जिथे प्रमाण मराठीत ळ आहे तिथे या बोलीत य येतो आणि तो नियमाने येतो. म्हणजे मुलाला नियम येतो आहे, फक्त तो आपल्या पुस्तकातला नियम नाही. मूल वहीत 'केयी' लिहिते, आपण त्यावर 'अशुद्ध' असा शेरा मारतो. 'शुद्ध' हा शब्द सोवळ्यातला आहे. प्रमाणलेखनासाठी तो वापरायचे काहीच कारण नव्हते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि त्यांना 'लेखनविषयक नियम' असे सरळ नाव आहे. आपण मात्र अजून 'शुद्धलेखन' म्हणतो आणि त्यातले सोवळे मुलाच्या आईच्या बोलण्यापर्यंत नेऊन पोचवतो.

ही प्रमाण मराठी आली कुठून? १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ मध्ये त्याची मोठी दुसरी आवृत्ती. तो कोश आजही आपल्या हाताशी लागतो, त्याचे ऋण मोठे आहे. मेजर कँडी यांनी अनेक वर्षे शालेय पुस्तकांची मराठी तपासली, विरामचिन्हे रुळवली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. राज्य चालवायला, परीक्षा घ्यायला, पुस्तके छापायला एक ठरावीक मराठी हवी होती. ती साहेबाने आणि त्याच्याजवळच्या शास्त्रीपंडितांनी मिळून ठरवली आणि तिचा मुख्य आधार होता पुण्याकडची शिष्ट बोली. सत्ता साहेबाची, कान शास्त्रीबुवांचे. ग्रीअर्सनच्या सातव्या खंडातही प्रमाण धरली ती पुण्याकडचीच भाषा. त्याच काळात मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाने वर इंग्रजी बसवली. अशी उतरंड तयार झाली: वर इंग्रजी, तिच्याखाली प्रमाण मराठी, आणि सगळ्यांत खाली तोंडची बोली. सीमेच्या अलीकडच्या आपल्या मुलाला तर यात आणखी एक पायरी आहे, कारण त्याच्यापुढे प्रमाण हिंदीही उभी असते.

ही उतरंड अढळ नाही हे आपल्याच शेजारणीने दाखवून दिले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली होती. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध केली. शेत, जाते, खळे यांच्यामधली ती बोली मराठी कवितेचे भूषण झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आता मी शिक्षकांना एकच प्रश्न विचारतो. त्याच विद्यापीठात एखाद्या विद्यार्थ्याने मराठीचा पेपर बहिणाबाईंच्या भाषेत लिहिला तर त्याला किती गुण मिळतील? आपण बोलीचा पुतळा उभारतो आणि बोलणाऱ्याला नापास करतो.

रकान्याने जिथे शब्दशः माणसे कोंडली, ती जागा आता सांगितली पाहिजे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो देशभर लावता येऊ लागला. एखाद्याने काय केले हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवता येत असे. नोंद करायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात अशा लोकांची सेटलमेंट होती, भोवती तारेचे कुंपण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि हे समाज 'विमुक्त' झाले. कागदावरचे नाव बदलले. पण अजूनही कुठे चोरी झाली की आधी कोणत्या पालांकडे नजर जाते, हे गावातल्या कोणालाही विचारा. सोलापुरात त्या वस्तीला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. १८६० ची दंडसंहिता २०२४ मध्ये गेली, नवी संहिता आली. कायदा एका तारखेला बदलतो. नजर कोणत्या तारखेला बदलते?

या प्रश्नाला मराठीत उत्तर दिले ते साहित्याने. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समाजाने चिकटवलेले नाव या लेखकांनी उचलून स्वतःच्या मुखपृष्ठावर लावले आणि आत त्या नावामागचे घर दाखवले, त्या घरात बोलतात तशा शब्दांसह. रकान्यात एकच शब्द मावतो. त्या शब्दाच्या आत एवढे मोठे जगणे आहे हे दाखवायला पुस्तक लिहावे लागले.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि त्यांनी म्हटलेच पाहिजे, की रकाने नकोत तर मग काय हवे? प्रमाण भाषा नको का? मी तसे म्हणत नाही. गडचिरोलीच्या मुलीला आणि सावंतवाडीच्या मुलाला एकमेकांचे पत्र वाचता आले पाहिजे. न्याय मागायलाही रकाना लागतो. आपल्यावरचा अन्याय आकड्यांत दाखवता आला नाही तर तो कोणी मानत नाही. फुल्यांपासून बाबासाहेबांपर्यंत सर्वांनी साहेबाच्याच कागदातून, कायद्यातून आणि शाळेतून वाट काढली. ज्याला कधीच मोजले गेले नाही त्याचे दुःख, मोजल्या गेलेल्यापेक्षा कमी नसते.

खरा पेच इथेच आहे आणि तो आपला, मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांचा आहे. राज्यघटनेत १९५६ मध्ये ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. त्याच्या आधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक माप ठरवले होते: वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. म्हणजे संख्या महत्त्वाची. मग मुलाच्या घरी बोलतात अहिराणी, किंवा लेवा, किंवा गुजरी. रकान्यात लिहायचे काय? खरे ते लिहिले तर मराठीची संख्या घटते आणि मराठी शाळेची मागणी दुबळी होते. 'मराठी' लिहिले तर शाळेला बळ मिळते, पण घरची भाषा सरकारच्या कागदावरून पुसली जाते. मराठीच्या संस्थांत काम करणाऱ्यांना मनातून वाटत असते की लोकांनी मराठीच लिहावे. हिंदीच्या संस्थांत काम करणाऱ्यांना निमाडीबद्दल नेमके हेच वाटते. दोघांच्याही हातात साहेबाचीच वही आहे.

माझे उत्तर असे. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. त्या रकान्यात आईचे बोलणेच लिहिले जावे, आणि ते सांगणाऱ्याने स्वतः सांगावे. त्याच तक्त्यात येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची जागा असते. तिथे मराठी लिहा, हिंदी लिहा. बाजारातला आपला दुकानदार या तीन जागांतही पूर्ण मावणार नाही, पण एका जागेपेक्षा त्यात थोडा अधिक मावेल. येणाऱ्या जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघर जाणाऱ्यांत शिक्षकच बहुसंख्य असतात. म्हणून ही विनंती शिक्षकांना आहे: प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. घर पाहून, आडनाव पाहून, पेन आधी चालवू नका. आणि मराठीची संख्या वाढावी असे ज्यांना वाटते त्यांनी ती दुसऱ्याचे घर पुसून वाढवू नये. अहिराणी किंवा लेवा बोलणाऱ्या बाईला मराठी आपली वाटावी असे मराठीचे वागणे असेल, तर ती आपल्या मुलाला मराठी शाळेत आपणहून घालील.

मराठीचे वागणे म्हणजे आपलेच वागणे. त्यासाठी तीन साध्या गोष्टी करता येतील. पहिली, वहीतला शेरा. 'अशुद्ध' लिहिण्याऐवजी समासात दोन शब्द शेजारी लिहा: घरी केयी, पुस्तकात केळी. मुलाला दोन्ही येऊ देत. त्याला दोन कळतात हे त्याचे वैभव आहे. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. केळीच्या बागेतले, कपाशीतले, यंत्रमागावरचे शब्द तुमच्या आजी-आजोबांकडून लिहून घ्या, आणि शब्दापुढे तो कोण, कुठे, कशासाठी वापरतो ते लिहा. 'भाषा' या रकान्यात काही लिहायची घाई करू नका. तिसरी गोष्ट या वार्षिकासाठी. अहिराणी, निमाडी, लेवा, गुजरी, कोरकू यांतले लेखन यावे, मूळ रूपात यावे आणि मराठी लेखनाच्या मांडीला मांडी लावून यावे. 'बोलीविभाग' अशी वेगळी कोठडी त्यासाठी करू नये.

या जिल्ह्यातल्या नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राचा कागद तयार होत आला आहे. देशभरातल्या कितीतरी भाषांतली अक्षरे त्या कागदावर छापली गेली, आणि कोणत्या भाषेने यावे, कोणत्या भाषेने येऊ नये, हे कागदाने ठरवले नाही. ते लिहिणारे ठरवतात, छापणारे ठरवतात, तपासणारे ठरवतात. त्या तिन्ही प्रकारचे लोक आज या सभागृहात बसले आहेत. म्हणून हे सारे इथे बोलावेसे वाटले.